बिलांच्या पीडीएफ जोडताना

कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणाची वेळ आली की बँक वर्षभराची खरेदीची बिले, बिल्ट्या आणि खातेउतारे मागते, आणि तेही एकाच पीडीएफ फाईलमध्ये. आमच्याकडे अशा दीड-दोनशे फाईली जमल्या होत्या. भाच्याने पायथॉन भाषेत दहा-बारा ओळींचा प्रोग्राम लिहिला, पण तो चालेना. मुदत चार दिवसांवर आलेली. त्या चार दिवसांत जे समजले, ते व्यापारी बंधूंच्या उपयोगी पडावे म्हणून येथे देत आहे.

पहिली चूक जुन्या नमुन्याची. भाच्याने ‘पायपीडीएफ-2’ या लायब्ररीतले ‘पीडीएफ फाईल मर्जर’ वापरले होते. डिसेंबर 2022 मध्ये आलेल्या तिच्या 3.0 आवृत्तीतून ते काढून टाकलेले आहे. पुढचे काम आता नुसत्या ‘पायपीडीएफ’ या नावाने चालते, आणि तिथेही 2024 च्या 5.0 आवृत्तीपासून ‘पीडीएफ मर्जर’ राहिलेले नाही. आता ‘पीडीएफ रायटर’ घ्यायचा, ‘अपेंड’ने एकेक फाईल जोडायची आणि शेवटी ‘राईट’ करायचे.

यानंतर ‘ई-ओ-एफ मार्कर नॉट फाउंड’ ही तक्रार आली. पीडीएफच्या अगदी शेवटी टक्क्याची दोन चिन्हे आणि ई-ओ-एफ अशी खूण असते. थानाच्या शेवटची किनारच म्हणा ना. ती सापडली नाही तर फाईल अर्धवट उतरलेली असते, नाहीतर ती मुळात पीडीएफच नसते. आमच्या बाबतीत दोन्ही निघाले. काही बिले मोबाईलवर अर्धीच उतरली होती, आणि एका ट्रान्सपोर्टवाल्याने बिल्टीच्या फोटोचे फक्त नाव बदलून ‘पीडीएफ’ केले होते! संशय आल्यास फाईल नोटपॅडमध्ये उघडावी. सुरुवातीला टक्क्याचे चिन्ह आणि पीडीएफ ही अक्षरे दिसली पाहिजेत.

खातेउताऱ्यांना पासवर्ड असतो. तो आधी ‘डिक्रिप्ट’ला द्यावा लागतो, आणि एईएस पद्धतीचे कुलूप असेल तर ‘क्रिप्टोग्राफी’ ही वेगळी लायब्ररी बसवावी लागते. मात्र जोडून तयार झालेल्या फाईलला आपोआप पासवर्ड लागत नाही. ती कोणाला पाठवतो आहोत याचे भान ठेवावे.

काही चुका तर काहीच तक्रार न करता होतात. नावे 1, 2, 10 अशी असली तर संगणक 1 नंतर 10 लावतो. म्हणून 001, 002 असे लिहावे. तयार फाईल त्याच फोल्डरमध्ये ठेवली तर पुढच्या वेळी तीही जोडली जाते.

आमची खरी फजिती मात्र वेगळीच झाली. ‘चूक आली तर ती फाईल सोडून पुढे जा’ अशी ओळ भाच्याने कंटाळून घातली होती. प्रोग्राम झटक्यात संपला, सगळे खूश. मी सवयीप्रमाणे खरेदी रजिस्टर घेऊन एकेक बिल ताडून पाहू लागलो, तर मार्च महिन्याचे सर्वांत मोठे बिल गायब! ती ओळ काढली आणि तिच्याऐवजी बिघडलेल्या फाईलचे नाव छापायला सांगितले, तेव्हा आणखी तीन नावे निघाली. चारही बिले पुन्हा मागवली, आणि मुदतीच्या आदल्या संध्याकाळी फाईल बँकेत गेली.