रुपयाचा फोन पुन्हा बोलता करूया

आज आपण रुपयाच्या फोनबद्दल बोलणार आहोत. टपरीच्या खांबाला टांगलेला, नाणे टाकून बोलायचा डबा. बऱ्याच गावांत तो अजून कुठेतरी पडून आहे. कुणाचा रिसीव्हर गेलाय, कुणाच्या गल्ल्याची किल्ली, कुणाच्या आतल्या ताराच उंदरांनी खाल्ल्यात. "निम्मे भाग नाहीत, मग दुरुस्त होईल का?" असे गटातल्या बायका आम्हाला विचारतात. बहुतेक वेळा होतो. पण आधी एक ठरवावे लागते: त्याच्याकडून आपल्याला कोणते काम हवे आहे?

हा फोन आपल्याला का हवा, ते आधी सांगतो. १९८४ साली सी-डॉट ही सरकारी संस्था सुरू झाली. त्यानंतरच्या वर्षांत देशभर पिवळ्या पाट्यांचे पीसीओ उभे राहिले. अपंग व्यक्ती आणि विधवा स्त्रिया यांना ते चालवायला देताना प्राधान्य मिळे. कित्येक बायकांचे घर त्या कमिशनवर चालले. ऊसतोडीला गेलेल्या माणसांचा निरोप तिथे यायचा, मुंबईला कामाला गेलेल्या नवऱ्याशी तिथेच बोलणे व्हायचे. रात्री उशिरा दर उतरत, म्हणून तेव्हा रांग लागे.

त्या फोनचा मोठा गुण म्हणजे तो कुणाच्या घरचा नव्हता. मुठीत नाणे असले की सून बोले, मुलगी बोले. कुणाला फोन केला याची यादी घरात मागे राहत नसे. आज घरोघरी मोबाइल आहे खरा, पण तो कुणाच्या हातात असतो? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी सुमारे ५४ टक्के जणींकडेच स्वतः वापरता येईल असा मोबाइल होता. बाकीच्या जणींना मागून घ्यावा लागतो, आणि मागितला की "कुणाला करतेस?" हा प्रश्न येतोच. म्हणून गटाच्या खोलीत भिंतीवर एक फोन असणे ही आजही मोठी सोय आहे.

आता कामाला लागू. पहिली गोष्ट मालकीची. डबा टपरीवाल्याचा, दुकानदाराचा की टेलिफोन खात्याचा, हे विचारून घ्या आणि घेताना कागदावर लिहून सही घ्या. किल्ली नाही म्हणून कुलूप फोडू नका. पत्रा वाकला की दार पुन्हा नीट बसत नाही. तालुक्याच्या बाजारात चावी बनवणारा असतो, त्याच्याकडे डबा घेऊन जा. उघडल्यावर कशालाही हात लावण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. कोणती तार कुठे होती हे नंतर त्या फोटोवरूनच कळते. निघालेला प्रत्येक स्क्रू छोट्या पुडीत घाला आणि पुडीवर नाव लिहा.

मग वहीत तीन रकाने आखा: भाग, त्याचे काम, आहे की नाही. या डब्याची कामे तीनच असतात. बोलणे-ऐकणे, नंबर लावणे आणि नाणे घेणे. पहिली दोन कामे होत असतील तर तो फोन आहे. तिसरे होत नसेल तरी आपले अडत नाही. म्हणून दुरुस्तीही याच क्रमाने करा.

रिसीव्हरपासून सुरुवात करा. त्याच्या दोरीत बहुधा चार तारा असतात, दोन बोलण्याच्या आणि दोन ऐकण्याच्या. रिसीव्हर सुटा करून ऐकण्याच्या दोन तारांना घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. कानात 'टक्' आवाज आला तर ती बाजू चांगली आहे. जुन्या बोलण्याच्या चकतीत कोळशाचे बारीक कण असतात. वर्षानुवर्षे पडून ते दमट होतात, गोळा होतात. रिसीव्हर तळहातावर हलकेच आपटला तर कधीकधी ते मोकळे होतात. चकतीच नसेल तर दुसऱ्या जुन्या फोनची काढून बसवता येते.

त्यानंतर रिसीव्हर टांगायचा हुक बघा. रिसीव्हर उचलला की हुक वर येतो, आतल्या पट्ट्या एकमेकींना टेकतात आणि लाइन चालू होते. स्प्रिंग गेली असेल तर हुक वर येत नाही आणि फोन मेल्यासारखा वाटतो. तेवढ्याच ताकदीची स्प्रिंग हार्डवेअरच्या दुकानात शोधा. पट्ट्यांवर गंज असेल तर कोऱ्या जाड कागदाची पट्टी त्यांच्यामधून चार-पाच वेळा ओढा. तिथे चिंच किंवा लिंबू लावू नका, धातू खाऊन जातो. शिलाई मशीनचे तेल बिजागरीला आणि कुलपाला चालते, पट्ट्यांना नाही.

आता नंबर लावणे. काही जुने फोन ठोके देऊन नंबर लावतात, पाचच्या कळीला पाच ठोके, शून्याला दहा. नंतरचे फोन सूर देतात. गावात आता तांब्याच्या तारेऐवजी फायबर आले असेल तर भिंतीवरच्या फायबरच्या डब्याला फोनची पिन लावायची खाच असते. पण असे पुष्कळ डबे ठोके ओळखत नाहीत, त्यांना सूरच लागतो. फोनच्या आत किंवा मागे पल्स-टोनची बारीक कळ असेल तर ती टोनवर करा.

नाण्याचा भाग सगळ्यात अवघड, म्हणून तो शेवटी. पलीकडच्याने फोन उचलला की एक्स्चेंज लाइनच्या दोन तारांची उलटापालट करायचे, म्हणजे अधिकची उणे आणि उण्याची अधिक. त्यावरून डब्याला कळे की आता नाणे घ्यायचे. आज नव्या लाइनवर ही खूण मिळेलच असे नाही. खूण न मिळाल्यास डबा नीट चालत नाही, आणि आपण उगीच डब्याला दोष देतो.

दुसरी अडचण खुद्द नाण्याची. जुना रुपया २५ मिलिमीटर रुंद होता. २०११ पासूनचा रुपया सुमारे २२ मिलिमीटरचा आहे आणि वजनानेही हलका. डब्यातली वाट जुन्या रुपयाच्या मापाची. नवे नाणे तिथून निसटून खाली पडते. तेव्हा नाणे परत आले म्हणून डबा बिघडला असे समजू नका. घरातल्या डब्यात एखादा जुना रुपया सापडतोच, त्याने तपासा.

यावर उपाय असा. एक साधा, चालू स्थितीतला कळांचा फोन घ्या. मोबाइल किंवा रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून त्याची आतली पाटी आपल्या डब्यात बसवून घ्या आणि जुना रिसीव्हर व हुक तिला जोडा. जुनी कोळशाची चकती नव्या पाटीला जुळत नाही, म्हणून बोलण्याची चकती त्या नव्या फोनचीच वापरा. नाण्याची यंत्रणा कापू नका, फेकू नका. ती आहे तशी आत राहू द्या, फक्त तारा सोडवून टोके चिकटपट्टीने झाका. गल्ल्यात मग खुशाल गटाची वर्गणी टाका. आणि जो भाग मिळालाच नाही त्याची जागा मोकळी ठेवा. नवा पत्रा ठोकून, रंग देऊन तो जुनाच आहे असे भासवू नका. आज ना उद्या खरा भाग मिळू शकतो.

काळजीचे दोन शब्द. फोनच्या तांब्याच्या लाइनवर साधारण ४८ व्होल्ट असतात. घंटी वाजताना ७५ व्होल्ट किंवा त्याहून जास्त येतात आणि चांगला झटका बसतो. म्हणून काम करताना लाइनची पिन काढून ठेवा. घरातल्या विजेची तार या डब्याला कधीही जोडू नका. ढग गडगडत असतील तर त्या दिवशी हात लावू नका. पत्र्याच्या धारदार कडा कानशीने घासून घ्या, लहान मुलांचे हात तिथे जातात.

भंगारवाला किलोच्या भावाने मागेल. शहरातल्या हॉटेलात शोभेला ठेवायला कुणी थोडे जास्त देईल. तो पैसा एकदाच येतो. द्यायचा की ठेवायचा हे गटाने बसून ठरवावे. पण ठरवताना विचारा: आपल्या गावात अशा किती जणी आहेत, ज्यांना स्वतःच्या आईशी बोलायलाही परवानगी लागते?

फोन लावण्याची जागाही विचार करून निवडा. रस्त्यावरून ऐकू जाईल अशी नको, आणि एकटीला जायची भीती वाटेल अशी आडबाजूचीही नको. बोलताना पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे राहील असे पाहा. बाजूला मोठ्या अक्षरात नंबर लिहा: महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, तातडीच्या मदतीसाठी ११२. आपल्या लाइनवरून १८१ लागतो का ते पहिल्याच दिवशी तपासा आणि "लाइन तपासतोय" एवढे सांगून ठेवून द्या. कोण आली, कुणाशी बोलली याची वही मात्र ठेवू नका. महिन्याचे बिल गटाच्या खात्यातून भरा.

या आठवड्यात एवढेच करा. गावातला जुना डबा कुठे आहे ते शोधा, मालकाला विचारा आणि तीन रकान्यांची वही सुरू करा. ज्या बाईने तुमच्या गावात पीसीओ चालवला तिला त्या दिवशी बोलवा. हुक कुठे अडायचा, नाणे कुठे अडकायचे, हे तिच्याइतके कुणालाच माहीत नसते. पुढच्या बैठकीत ती वही समोर ठेवा.