हात वर करण्याआधी

मॉडेल विमानाचा तोल आपोआप सांभाळणारी गायरोची यंत्रणा चालू करायची, विमान हातात धरायचं, उजवीकडे कलंडवायचं आणि उजव्या पंखावरच्या एलरॉनकडे, म्हणजे मागच्या कडेच्या हलत्या झडपेकडे, बघायचं. तो खाली वळला पाहिजे, तरच पडता पंख उचलला जाईल. वर वळला तर गायरोची दिशा उलटी लागली आहे. नुसती रिमोटची दांडी हलवून हे कळत नाही. तिचा हुकूम एलरॉन बिनचूक पाळत असतो. कळतं ते हवेत गेल्यावर, विमान स्वतःलाच उलथवायला लागलं की! म्हणून दीड मीटर पंखांच्या फोमच्या विमानालाही ही तपासणी चुकत नाही.

उड्डाण सकाळी, वारा उठायच्या आत. विमान हातानेच चढवायचं, ट्रिम करायचं, सावरायला वाव राहील इतकी उंची गाठायची आणि मग त्या यंत्रणेचा स्विच टाकायचा. बोट मात्र त्या स्विचवरच.

गायरो नुसता फिरण्याचा वेग सांगतो; त्यावरून काढलेला कोन हळूहळू सरकत जातो. ॲक्सिलरोमीटरला खालची दिशा कळते, पण प्रॉपेलरच्या थरथरीने तो भांबावतो आणि सफाईदार वळणात कललेलं विमानही त्याला सपाट वाटतं. दोघांची सांगड घालावी लागते. प्रॉपेलरचा तोल साधण्यात आमची निम्मी संध्याकाळ जाते ती त्या थरथरीमुळेच.

खरी कसरत गेनची, म्हणजे कलण्याला यंत्रणेने किती जोरात उत्तर द्यायचं त्याची. कमी ठेवला तर वाऱ्याच्या झोताने पडलेला पंख आळसावून वर येतो. वाढवत नेला की एका टप्प्यावर विमान डावी-उजवीकडे थरथरू लागतं: एलरॉन हलवणारी सर्व्हो मोटर हलेपर्यंत वेळ गेलेला असतो आणि दुरुस्ती उशिरा पोचते. नवशिक्या सायकलस्वाराचं हँडल असंच जातं. त्यात वेग दुप्पट झाला की एलरॉनचा जोर चौपट होतो, त्यामुळे संथ उडताना गुणी वाटलेला गेन सूर मारताच बिघडतो. यावर उपाय म्हणजे पिटो नळीने वेग मोजून त्याप्रमाणे गेन उतरवणं. अर्डुपायलटसारखी प्रणाली नळी नसेल तर वेगाचा नुसता अंदाज बांधते. मला त्या अंदाजाचा फारसा भरवसा वाटत नाही.

१९१४ साली पॅरिसजवळ सेन नदीवर लॉरेन्स स्पेरीने अशाच गायरोच्या यंत्रणेच्या भरवशावर दोन्ही हात वर करून विमान उडवून दाखवलं, त्याचा मेकॅनिक तर पंखावर चालत गेला. लोकांना ते वर केलेले हात आठवतात. मला उत्सुकता आहे ती त्याआधीच्या, कोणी न पाहिलेल्या उड्डाणांची.

उतरल्यावर लॉग उघडायचा: मागितलेला कोन आणि मिळालेला कोन, दोन रेषा. पण त्याआधी सर्व्होला बोट लावून बघावं. चटका बसला, तर वर विमान कितीही सरळ गेलेलं दिसो, गेन बहुधा जास्त आहे.