शेंडेनक्षत्राला भिऊ नका

शेतकरी बंधूंनो, वडवणीच्या शिवारात रात्री दारं धरताना आपली नजर आभाळाकडे जातेच. शेंडेनक्षत्र दिसले, की जुनी माणसे म्हणतात, "आता दुष्काळ!" पण दुष्काळ पाऊस न पडल्याने येतो. शेंडेनक्षत्र म्हणजे सूर्याभोवती फिरणारा बर्फाचा आणि धुळीचा गोळा.

लक्ष ठेवायचे ते आकाशातून पृथ्वीवर येऊन आदळू शकणाऱ्या वस्तूंवर. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे विवर अशाच आघाताने झाले. म्हणून शास्त्रज्ञ डोळ्यांत तेल घालून आभाळ राखतात. एकाच भागाचे थोड्या थोड्या वेळाने फोटो घेतात. तारे जागचे हलत नाहीत. जो ठिपका सरकतो, तो लघुग्रह असू शकतो. मग गणिताने त्याची पुढची वाट काढतात.

२००४ साली ॲपोफिस सापडला, तेव्हा धास्ती वाटली होती. पुढे मोजणी पक्की झाली. आपल्या वेळेप्रमाणे १४ एप्रिल २०२९ च्या पहाटे तो सुमारे ३२,००० किलोमीटरवरून निघून जाईल, धडकणार नाही.

तेव्हा त्याच्या नावाने कोणी शांतीसाठी पैसे मागितले, तर देऊ नका. ते खरिपाच्या बियाण्याला ठेवा.