राजा रविवर्मा यांचे ‘गंगावतरण’ : चमत्काराच्या चित्रणाचा प्रश्न

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथे सरोवराच्या काठी गोमुखातून बारमाही धार पडते. भाविक तिला गंगेसमान पवित्र मानतात. तेथे गंगा कशी उतरली, हे डोळ्यांना दाखविण्याची गरज नसते. श्रद्धेने ते गृहीत धरलेले असते. चित्रकाराला मात्र ही सवलत नाही. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांनी ‘गंगावतरण’ या चित्रात ही अडचण कशी हाताळली, हे पाहणे उद्बोधक आहे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात रूढ झालेल्या नवअभिजात शैलीने ग्रीक-रोमन शिल्पांचा आदर्श, संयत हावभाव आणि रंगमंचासारखी मांडणी स्वीकारली. या शैलीतील मानवी देहाला वजन असते, त्यामुळे चमत्कार तिला सहज पेलत नाही. लेसिंग या जर्मन विचारवंताने १७६६ मध्ये मांडले होते की, चित्रकाराने प्रसंगाचा परमोच्च क्षण टाळून त्याच्या अलीकडचा, कल्पनेला वाव देणारा क्षण निवडावा. बेंजामिन वेस्ट यांच्या ‘ख्रिस्त रुग्णांना बरे करताना’ (१८११) या चित्रात नेमके हेच आढळते. ख्रिस्ताचे हात पसरलेले आहेत; रुग्ण अजून रुग्णच आहेत.

रविवर्मा यांना नवअभिजात चित्रकार म्हणणे काटेकोरपणे बरोबर ठरणार नाही. तथापि ज्या युरोपीय अकादमिक परंपरेतून त्यांनी तैलरंगाचे तंत्र आत्मसात केले, तिच्यात हा वारसा मुरलेला होता. ‘गंगावतरणा’त शंकर पाय फाकून, कमरेवर हात ठेवून, वर पाहत उभा आहे. आखाड्यात प्रतिस्पर्ध्याची वाट पाहणाऱ्या मल्लाचा हा पवित्रा होय. एका बाजूस नंदीला टेकलेली पार्वती, दुसऱ्या बाजूस हात जोडलेला भगीरथ. गंगा अजून अंतराळातच आहे, जटेला तिचा स्पर्श झालेला नाही. खरे तर गंगेची आकृती ही चित्रातील सर्वांत दुबळी बाब आहे. ती नाटकातील पात्रासारखी टांगलेली वाटते. चमत्कार पटतो तो शंकराच्या रोवलेल्या पायांमुळे. येणाऱ्या प्रवाहाचा भार प्रेक्षकाला तेथे जाणवतो.

१८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला व पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे हलविलेला रविवर्मा यांचा छापखाना अशी चित्रे घरोघरी घेऊन गेला. समीक्षकांनी त्यांना ‘कॅलेंडर चित्रे’ म्हणून हिणविले. देवघरातील भाविकाने मात्र क्षणाची निवड वगैरे काही पाहिले नाही. त्याने चौकटीच्या काचेवर, शंकराच्या कपाळी येईल अशा बेताने, गंध लावले.