एक छत्री, पाच संच



१९६८ सालच्या मे महिन्यात इस्राएलच्या दूरचित्रवाणीने स्वातंत्र्यदिनाचे संचलन प्रथमच घरोघरी दाखविले, तेव्हा "घरोघरी" हा शब्द केवळ म्हणण्यापुरता होता. संपूर्ण इमारतीत एखाददुसरा संच असे आणि ज्याच्या घरी तो असे, त्याच्या दाराबाहेर पादत्राणांचा ढीग पडे. पुढे सत्तरीच्या दशकात सरकारी आदेशाने परदेशी कार्यक्रमांतील रंग पुसून मगच ते दाखविले जाऊ लागले. तेव्हा पुसलेला रंग परत आणणारे यंत्र लोकांनी विकत घेतले आणि दर काही मिनिटांनी उठून त्याची कळ फिरविण्याचे कष्टही आनंदाने सोसले. दूरचित्रवाणीसाठी खटाटोप करण्याची ह्या देशातील माणसाची हौस आजची नव्हे, हे सांगण्यासाठीच हा उल्लेख.

आज आमच्याच घरात पाच संच आहेत. सालोनमध्ये एक, आमच्या खोलीत एक, चिरंजीव व सूनबाईंच्या खोलीत एक, आमच्या वयोवृद्ध मातोश्रींच्या खोलीत एक, आणि नातू ज्या ममादमध्ये झोपतो तेथे पाचवा. एवढे संच असावेत काय, हा प्रश्न निराळा. ते आहेत, आणि अश्दोद, लोद, रामले, बेर-शेवा, दिमोना येथील आपल्या पुष्कळ कुटुंबांतही थोड्याफार फरकाने हीच स्थिती आहे. छत्री मात्र गच्चीवर एकच. तिच्यातून पाचही संचांना कार्यक्रम कसे पुरवावेत, ह्याविषयी आम्हांस जे शहाणपण आले ते बरेचसे चुकीतून आले.

चूक अशी झाली. प्रारंभी दोनच ममीर होते. छत्री बसविणाऱ्या गृहस्थांनी एक साधा स्प्लिटर लावून एकाच केबलीस दोन फाटे फोडले आणि ते निघून गेले. त्याच सायंकाळी मातोश्री आपल्या आवडीचा प्राण्यांचा कार्यक्रम पाहत बसल्या होत्या. हिब्रू त्यांस आजही परकीच. वाघ-हरणांचे कार्यक्रम त्यांस आवडतात, कारण वाघाला भाषा लागत नाही. इतक्यात नातवाने दुसऱ्या खोलीत फुटबॉलचा सामना लावला, आणि मातोश्रींचा पडदा काळा पडला. त्यांना वाटले, आपल्याच हातून काही बिघडले. पुढील तीन दिवस त्यांनी संच लावलाच नाही, आणि कोणास काही सांगितलेही नाही. ते आमच्या ध्यानात आले नाही, ह्याची खंत आम्हांस अद्याप वाटते.

कारण अगदी साधे होते. छत्रीच्या तोंडाशी जे उपकरण असते, ज्यास एल.एन.बी. म्हणतात, त्याच्याकडे उपग्रहाच्या लहरी चार गटांत येतात: उभ्या व आडव्या, आणि त्या प्रत्येकीचा खालचा व वरचा पट्टा. साध्या केबलीतून एका वेळी ह्या चारांपैकी एकच गट खाली उतरू शकतो. कोणता हवा, हे ममीर त्याच केबलीतून वर कळवितो. त्याने १३ व्होल्टचा दाब पाठविला तर उभ्या लहरी, १८ चा पाठविला तर आडव्या. सोबत २२ किलोहर्ट्झचा स्वर जोडला तर वरचा पट्टा. म्हणजे एका केबलीवर दोन ममीर बसविले की दोघेही एकाच नोकराला दोन हुकूम देतात आणि ज्याचा दाब अधिक त्याचेच चालते. आमच्या घरी फुटबॉलचे चालले.

म्हणून पहिला नियम असा की, साध्या व्यवस्थेत प्रत्येक ममीरास एल.एन.बी.पासून स्वतंत्र केबल हवी. दोन, चार किंवा आठ तोंडांचे एल.एन.बी. मिळतात, आणि घरात दोन-तीनच संच असतील, वाढण्याची शक्यता नसेल, तर चार तोंडांचे घेऊन मोकळे व्हावे. जो ममीर एक कार्यक्रम दाखवीत असताना दुसरा ध्वनिचित्रमुद्रित करतो, त्यास बहुधा दोन केबली लागतात, हे मोजताना विसरू नये. एकाच केबलीवर अनेक ममीर चालविणारी युनिकेबल नावाची पद्धतही आहे. जुन्या इमारतीत भिंतीतील नळी अरुंद असेल तर ती उपयोगी पडते, परंतु एल.एन.बी. आणि प्रत्येक ममीर दोन्ही त्या पद्धतीचे असावे लागतात. कंपनीचा ममीर तसा आहे काय, हे आधी विचारून घ्यावे.

पाच संचांसाठी आम्ही अखेर मल्टिस्विच पत्करला. चारही गट वेगवेगळ्या चार केबलींतून एकदम खाली आणणारे एल.एन.बी. निराळे असते, त्यास क्वाट्रो म्हणतात. दुकानात त्याची व चार तोंडांच्या क्वाडची हमखास गल्लत होते, तेव्हा खोक्यावरील नाव स्वतः वाचावे. ह्या चार केबली मल्टिस्विचमध्ये शिरतात आणि तेथून प्रत्येक खोलीस एकेक निघते. कोणी काहीही लावले तरी दुसऱ्याच्या पडद्यास धक्का लागत नाही. आम्ही आठ वाटांचा घेतला, पाच वापरतो. केबल चांगल्या तांब्याची, ७५ ओहमची असावी, साध्या आर.जी.-६ केबलीत वरच्या कंपनसंख्येला शंभर मीटरमागे सुमारे ३० डेसिबल शक्ती वाटेतच गळते. तरी घरगुती वीस-तीस मीटरांच्या अंतरास वेगळा वर्धक लागत नाही. विक्रेता आग्रहाने गळ्यात घालू लागला तर नम्रपणे नको म्हणावे.

आता छत्रीविषयी थोडेसे. ह्या देशात उपग्रहावरून सशुल्क सेवा २००० साली सुरू झाली. ती ज्या अमोस मालिकेतील उपग्रहांवरून आली, त्यांचे स्थान ४ अंश पश्चिम. आपल्या गच्चीवरून पाहता नैर्ऋत्येस, क्षितिजापासून अंदाजे ३४ अंश उंच. ६० सेंटिमीटरची छत्री पुरते. मात्र तिच्या नजरेआड शेजाऱ्याची दूद-शेमेशची टाकी येणार नाही हे पाहावे आणि भोके पाडण्यापूर्वी इमारतीच्या वाआदची अनुमती घ्यावी. भांडण झाल्यावर घेण्यापेक्षा ते सोपे जाते.

मुंबईहून येणारे आप्त कधीकधी मोठ्या प्रेमाने तेथील छत्री व खोके सामानात घालून आणतात. आमच्याही घरी असे एक खोके आले होते. पण भारतातील घरगुती सेवांची उपग्रहकिरणे भारतभूमीवरच रोखलेली असतात. प्रसार भारतीची मोफत सेवा ज्या ९३.५ अंश पूर्वेवरील उपग्रहावरून होते, तो आपल्या आकाशात पूर्वेकडे अवघा १८ अंशांच्या आसपास उंचीवर आहे खरा. पण त्याचा झोत आपल्यासाठी नाही, आणि लहान छत्रीत येथे काही पडत नाही. मातोश्रींनी ते खोके वर्षभर कपाटात जपून ठेवले होते, कधीतरी लागेल ह्या आशेने.

मराठी वाहिन्या आज आपणांस सुलभपणे मिळतात त्या इंटरनेटवरून. येथील उपग्रह-कंपनीनेही गेल्या काही वर्षांत इंटरनेटच्या मार्गाने कार्यक्रम पुरविण्यास आरंभ केला आहे. तेव्हा ज्यांना नव्यानेच सर्व मांडायचे आहे त्यांनी छत्रीची घाई करू नये. परंतु भिंती फोडल्याच असतील तर प्रत्येक नळीत छत्रीच्या केबलीबरोबर इंटरनेटचीही एक तार ओढून ठेवावी. बिनतारी लहरींवर विसंबू नये, विशेषतः ममादमध्ये. जाड काँक्रीट आणि पोलादी दार ह्यांतून त्या धड पोहोचत नाहीत. आणि भोंगा वाजल्यावर सर्व कुटुंब ज्या एका खोलीत बसते, नेमका तेथलाच संच मुका राहिला तर काय होते, ते आपण सर्वांनी अनुभविले आहे. ममादच्या भिंतीस मनास येईल तेथे भोक पाडता येत नाही. बांधणाऱ्याने ठेवलेल्या नळीतूनच तार न्यावी. तेथील संचास गच्चीवरील साध्या अँटेनाची जोडणीही हवीच. २००९ पासूनच्या इदान प्लस सेवेवर ११, १२, १३ ह्या वाहिन्या मासिक आकाराविना मिळतात, आणि इंटरनेट बंद पडले तरी त्या चालू असतात.

ह्या साध्या अँटेनानेच आमचा मुख्य प्रश्न सोडविला. तो प्रश्न तांत्रिक नव्हता. मातोश्रींसाठी मराठी वाहिन्यांचे इंटरनेटचे खोके घेतले, तेव्हा आम्ही ते अर्थातच त्यांच्या खोलीत ठेवले. त्यांची सोय व्हावी, सालोनमध्ये कोणास अडचण होऊ नये. सहा महिन्यांनी ध्यानात आले की घरातील मराठी त्या दाराआड गेली आहे. भारतात रात्री आठ वाजता लागणारी मालिका आपल्याकडे हिवाळ्यात साडेचारला आणि उन्हाळ्यात साडेपाचला येते. ती वेळ नातू शाळेतून येऊन खाण्याचे काही शोधत हिंडण्याची. पूर्वी आजी सालोनमध्ये बसत तेव्हा तो त्यांच्याजवळ टेके, आणि अर्धे समजले नाही तरी कानावर पडे. आता दार लोटलेले असे आणि तो आपल्या ममादमध्ये.

खोके पुन्हा सालोनमध्ये आणावे, तर मातोश्री संकोचाने तेथे येईनात; "तुमचे चालू द्या," म्हणत. तेव्हा चिरंजीवांच्या एका मित्राने उपाय सुचविला. मल्टिस्विचला चार तोंडांखेरीज पाचवे तोंड असते, साध्या अँटेनासाठी. मॉड्युलेटर नावाचे एक लहानसे यंत्र खोक्यातील चित्र घेऊन त्याची इदान प्लससारखीच एक वाहिनी बनविते, आणि ती त्या पाचव्या तोंडातून घरातील प्रत्येक संचाकडे जाते. जादा ममीर नको, जादा केबल नको. संचास नव्याने वाहिन्या शोधायला लावले की झाले. दोन पथ्ये मात्र आहेत. इदान प्लसने न व्यापलेली कंपनसंख्या निवडावी; आणि काही खोकी नकलेविरुद्ध कुलूप लावलेले चित्र देतात, त्यांचे चित्र हे यंत्र स्वीकारीत नाही, म्हणून विकत घेण्यापूर्वी आपलेच खोके दुकानात नेऊन जोडून पाहावे. आमचे जुळले. यंत्र बसविणारा मनुष्य शुक्रवारी दुपारी आला आणि शब्बाथपूर्वी काम आटोपण्याच्या घाईत एक जोड ढिला ठेवून गेला, तो आम्ही शनिवारी रात्री स्वतः घट्ट केला.

आता मालिका लागली की ती पाचही खोल्यांत मिळते. मातोश्री आपल्या खोलीतच पाहतात, पण स्वयंपाकघरातून सूनबाईही सालोनमधील संचावर तीच लावतात, आणि जाहिराती लागल्या की दोन खोल्यांमधून सासू-सुनांच्या त्या कथेवर उभयतांचा मोठमोठ्याने वाद चालतो. परवा नातवाने ममादमधून ओरडून विचारले, "आजी, 'कारस्थान' म्हणजे काय?" त्यांनी उठून जाऊन सांगितले, सांगण्यास पाऊण तास लागला.

वाहिनी आमच्याकडे ४० व्या क्रमांकावर बसली आहे. मातोश्रींच्या रिमोटवर ४ आणि ० ह्या दोन कळांवर सूनबाईंनी नखांचा लाल रंग लावून दिला आहे.