दूरचित्रवाणीवरील असभ्य वर्तन आणि लोकक्षोभ

प्रस्तावना : दूरचित्रवाणीवर कोणी उद्धटपणे बोलले की लोकक्षोभ उसळतो आणि सारा दोष त्या व्यक्तीच्या माथी येतो. हा दोष एकट्याचाच असतो काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन : ऑक्टोबर २०२० मध्ये ‘कलर्स’ वाहिनीवरील ‘बिग बॉस’मध्ये जान कुमार सानू याने निक्की तांबोळी हिला, आपल्यासमोर मराठीत बोलू नकोस, आपल्याला चीड येते, असे सुनावले. महाराष्ट्रात संताप उमटला. महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने चित्रीकरण बंद पाडण्याचा इशारा दिला. त्यानंतर वाहिनीने मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना पत्र पाठवून दिलगिरी व्यक्त केली. जाननेही कार्यक्रमातच माफी मागितली.

हा कार्यक्रम संकलित होऊन प्रसारित होतो. वाक्य एकाचे असले, तरी ते न गाळण्याचा निर्णय वाहिनीचा होता. म्हणूनच वाहिनीची दिलगिरी अधिक महत्त्वाची ठरते. मनोरंजन वाहिन्यांविषयीच्या तक्रारींसाठी २०११ पासून स्वतंत्र परिषद अस्तित्वात होती. तथापि माफी आली ती राजकीय इशाऱ्यानंतर.

निष्कर्ष : मातृभाषेच्या अवमानाचा राग स्वाभाविक आहे, परंतु धाकाने मिळालेली माफी संकलकाला विवेक शिकवीत नाही. रीतसर तक्रार करणारा प्रेक्षक घडविणे, हे महाविद्यालयीन माध्यमशिक्षणाचे कर्तव्य आहे.