विश्लेषण : ‘व्हिम’मधून बाहेर कसे पडायचे? माऊसशिवाय चालणाऱ्या एडिटरच्या मोजक्या कमांड का शिकाव्यात?

सर्व्हरवरच्या एका फाइलमधली एकच ओळ बदलायची असते. फाइल उघडते, पण टाइप केलेले उमटत नाही. माऊसने क्लिक करून काही होत नाही. मध्येच दोन ओळी गायब होतात आणि बाहेर पडायचा रस्ता सापडत नाही. नवीन इंटर्न, आयटीत नुकतेच रुजू झालेले अभियंते आणि लिनक्स शिकणारे विद्यार्थी यांच्यापैकी अनेकांची ‘व्हिम’शी पहिली ओळख अशीच होते. ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ या प्रोग्रामरांच्या संकेतस्थळावर २०१२मध्ये कोणीतरी विचारले होते, व्हिममधून बाहेर कसे पडायचे? मे २०१७पर्यंत तो प्रश्न १० लाखांहून अधिक वेळा पाहिला गेला होता.

यावर विनोद भरपूर होतात. पण चालू सर्व्हरवरची सेटिंगची फाइल उघडी असताना चुकीचे बटण दाबले आणि तसेच सेव्ह केले, तर वेबसाइट बंद पडू शकते. त्यामुळे काम वेगाने करणे नंतर, फाइलला धक्का न लावता बाहेर पडणे आधी शिकायला हवे.

व्हिम म्हणजे काय?

व्हिम हा केवळ कीबोर्डवर चालू शकणारा टेक्स्ट एडिटर आहे. त्याचे मूळ ‘व्हीआय’ या एडिटरमध्ये आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील विद्यार्थी बिल जॉय यांनी १९७६च्या सुमारास तो लिहिला. हेच जॉय पुढे १९८२मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सच्या संस्थापकांपैकी एक झाले. नेदरलँड्सचे ब्रॅम मोलेनार यांनी १९८८मध्ये अमिगा संगणकासाठी व्हीआयसारखा एडिटर तयार करायला घेतला आणि १९९१मध्ये व्हिम लोकांसमोर आला.

व्हिम मोफत आहे. आवडल्यास युगांडातील मुलांसाठी मदत करा, असे आवाहन मोलेनार यांनी त्यात केले होते आणि ते व्हिम उघडताच पडद्यावर दिसत असे. ऑगस्ट २०२३मध्ये मोलेनार यांचे निधन झाले. जानेवारी २०२४मध्ये आलेली ९.१ ही आवृत्ती त्यांना अर्पण करण्यात आली.

कमांड इतक्या त्रोटक का?

व्हीआय तयार झाला तेव्हा माऊस सर्वसामान्यांच्या वापरात नव्हता. संगणक एकीकडे आणि टर्मिनल दुसरीकडे, मध्ये टेलिफोन लाइनचा मोडेम. जॉय यांनी घरून काम करताना ३०० बॉडचा मोडेम वापरला होता. या वेगाने सेकंदाला साधारण ३० अक्षरे येतात. ८० अक्षरांच्या २४ ओळींचा पडदा पूर्ण भरायला एक मिनिटाहून अधिक वेळ लागणार. अशा वेळी एकेक अक्षराची कमांड हीच सोय होती.

कर्सर हलवण्यासाठी ‘एच’, ‘जे’, ‘के’, ‘एल’ ही बटणे का, याचे उत्तरही त्याच काळात सापडते. जॉय वापरत असलेल्या एडीएम-३ए टर्मिनलवर बाणांची वेगळी बटणे नव्हती. याच चार अक्षरांवर बाण छापलेले होते. ‘एच’ डावीकडे, ‘जे’ खाली, ‘के’ वर आणि ‘एल’ उजवीकडे. त्या कीबोर्डवर ‘एस्केप’ही आज ‘टॅब’ असते तिथे, म्हणजे बोटाजवळ होते. आजच्या व्हिममध्ये बाणांची बटणेही चालतात, त्यामुळे सुरुवातीला ही चार अक्षरे पाठ नसली तरी अडत नाही.

टाइप केलेले उमटत का नाही?

नवख्यांचा सगळा गोंधळ इथे होतो. वर्ड किंवा नोटपॅडमध्ये बटण दाबले की अक्षर उमटते. व्हिममध्ये मात्र कामाच्या वेगवेगळ्या अवस्था असतात. त्यांना ‘मोड’ म्हणतात. फाइल उघडते ती ‘नॉर्मल’ मोडमध्ये. इथे प्रत्येक अक्षर ही कमांड असते. मजकूर लिहायचा तर आधी ‘इन्सर्ट’ मोडमध्ये जावे लागते.

उदाहरणार्थ, फाइल उघडल्या उघडल्या ‘पासवर्ड’ हा आठ अक्षरी इंग्रजी शब्द टाइप केला तर काय होईल? पहिले ‘पी’ आधी कापलेला किंवा कॉपी केलेला मजकूर चिकटवू पाहील. दुसऱ्या ‘ए’मुळे इन्सर्ट मोड सुरू होईल. उरलेली सहा अक्षरे थेट फाइलमध्ये शिरतील. फाइलमध्ये भलताच मजकूर येतो तो असा.

लक्षात ठेवायचे ते इतकेच:

• ‘आय’ : कर्सरच्या आधी लिहायला सुरुवात
• ‘ए’ : कर्सरच्या नंतर लिहायला सुरुवात
• ‘ओ’ : खाली नवीन ओळ उघडून लिहायला सुरुवात
• ‘एस्केप’ : लिहिणे थांबवून पुन्हा नॉर्मल मोड

इन्सर्ट मोड सुरू असेल तर व्हिममध्ये सहसा पडद्याच्या तळाशी तसा शब्द दिसतो. आपण कुठे आहोत हे कळेनासे झाले तर ‘एस्केप’ दाबावे. दोनदा दाबले तरी बिघडत नाही.

बाहेर कसे पडायचे?

आधी ‘एस्केप’. मग कोलन. कोलन दाबले की कर्सर पडद्याच्या तळाशी जातो. तिथे पुढीलपैकी एक टाइप करून एंटर दाबायचे:

• ‘क्यू’ : बाहेर पडा (काही बदल केला नसेल तरच चालते)
• ‘डब्ल्यू’ : सेव्ह करा
• ‘डब्ल्यू क्यू’ : सेव्ह करून बाहेर पडा
• ‘क्यू’ आणि उद्गारचिन्ह : बदल टाकून देऊन बाहेर पडा

बहुतेक जण यातली तिसरी कमांड पाठ करतात. खरे तर चौथी आधी पाठ करायला हवी. फाइलमध्ये नकळत काय बदलले याची खात्री नसताना ‘डब्ल्यू क्यू’ केले, तर ती चूक फाइलमध्ये पक्की होते. वेब सर्व्हरच्या सेटिंगमध्ये एक अर्धविराम कमी झाला तरी पुढच्या वेळी सर्व्हर सुरू होताना अडतो आणि तोवर बदल कोणी केला हे कोणाला आठवतही नाही. खात्री नसेल तर उद्गारचिन्हाने बाहेर पडा आणि फाइल पुन्हा उघडा, हा साधा नियम.

सिस्टीमच्या फाइलबाबत आणखी एक अडचण येते. ‘सुडो’ न वापरता अशी फाइल उघडली तर ती वाचता येते, पण सहसा सेव्ह करता येत नाही. बदल सुरू करताच ‘रीडओन्ली’ असा इशारा येतो. तो दिसला की तिथेच थांबून उद्गारचिन्हाने बाहेर पडावे आणि योग्य परवानगीसह फाइल पुन्हा उघडावी.

मराठी कीबोर्ड चालू असेल तर?

तर माणूस खरोखरच अडकतो. नॉर्मल मोडच्या कमांड इंग्रजी अक्षरांच्या आहेत. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू असताना ‘आय’चे बटण दाबले तर संगणकाकडून ‘ग’ जातो. शिफ्टसह कोलनचे बटण दाबले तर ‘छ’ जातो. कोलनच उमटले नाही, तर बाहेर पडण्याची कमांड देणार कशी? म्हणून मराठी मजकूर लिहून झाला की ‘एस्केप’ दाबावे, कीबोर्ड इंग्रजी करावा आणि मगच कमांड द्यावी.

कॅप्स लॉकचेही तसेच. छोटे ‘जे’ कर्सर खाली नेते, तर मोठे ‘जे’ पुढची ओळ आताच्या ओळीला जोडून टाकते. ओळी आपोआप एकमेकींना चिकटू लागल्या तर आधी कॅप्स लॉकचा दिवा पाहावा.

चूक झाली तर?

नॉर्मल मोडमध्ये ‘यू’ दाबले की शेवटचा बदल मागे घेतला जातो. पुन्हा ‘यू’, की त्याआधीचा. मागे घेतलेले परत आणायचे तर ‘कंट्रोल’ आणि ‘आर’.

इतर ॲपमधल्या सवयी मात्र इथे फसवतात. ‘कंट्रोल-झेड’ने लिनक्समध्ये बदल मागे जात नाही. व्हिमच पार्श्वभूमीत थांबतो आणि तो बंद झाला असे वाटते. ‘एफजी’ टाइप करून एंटर दाबले की तो परत येतो. सेव्ह करण्यासाठी ‘कंट्रोल-एस’ दाबले तर अनेक टर्मिनलवर पडदा गोठतो. ‘कंट्रोल-क्यू’ने तो सुटतो. चुकून ‘क्यू’ आणि एखादे अक्षर दाबले गेले तर तळाशी ‘रेकॉर्डिंग’ दिसते. पुन्हा ‘क्यू’ दाबले की ते थांबते.

वैतागून टर्मिनलची विंडोच बंद केली तर? सेव्ह न केलेले बदल मूळ फाइलमध्ये जात नाहीत, पण बहुतेक वेळा ‘स्वॅप’ नावाची तात्पुरती फाइल मागे राहते. पुढच्या वेळी फाइल उघडताना व्हिम मोठा इशारा देतो. तो न वाचता पुढे जाऊ नये. त्याचे दोन अर्थ असू शकतात. मागच्या वेळी काम अर्धवट राहिले, किंवा हीच फाइल या क्षणी दुसऱ्या कोणीतरी उघडली आहे. दुसरी शक्यता असेल तर ‘क्यू’ दाबून बाहेर पडावे आणि आधी सहकाऱ्याला विचारावे.

इतक्या कमांड पाठ करायच्या का?

नाही. व्हिमच्या कमांड सुट्या नाहीत, त्यांना व्याकरण आहे. ‘काय करायचे’ हे एक अक्षर आणि ‘कशावर करायचे’ हे दुसरे.

क्रियापदे तीन: ‘डी’ म्हणजे काढा, ‘वाय’ म्हणजे कॉपी करा, ‘सी’ म्हणजे काढून नवीन लिहा. कशावर, हे सांगणारी चिन्हे: ‘डब्ल्यू’ म्हणजे पुढच्या शब्दापर्यंत, डॉलरचे चिन्ह म्हणजे ओळीच्या शेवटापर्यंत, शून्य म्हणजे ओळीच्या सुरुवातीपर्यंत, शिफ्टसह ‘जी’ म्हणजे फाइलच्या शेवटापर्यंत.

आता जोड्या लावा. ‘डी डब्ल्यू’ केले की कर्सरपासून पुढच्या शब्दापर्यंतचा मजकूर जातो. ‘डी’ आणि डॉलर केले की ओळीचा उरलेला भाग जातो. क्रियापद दोनदा दाबले तर पूर्ण ओळ, म्हणजे ‘डी डी’ने ओळ काढली जाते आणि ‘वाय वाय’ने कॉपी होते. आधी आकडा दिला तर तितक्या वेळा: ‘३ डी डी’ म्हणजे तीन ओळी. काढलेले किंवा कॉपी केलेले ‘पी’ने चिकटवता येते.

समजा, फाइलमध्ये पोर्ट ८०८० आहे आणि तो ८० करायचा आहे. कर्सर त्या आकड्यावर कुठेही ठेवून ‘सी आय डब्ल्यू’ दाबा. पूर्ण आकडा जातो आणि लिहिण्याची जागा मोकळी होते. ८० लिहा, ‘एस्केप’ दाबा. पुढे पुन्हा तोच आकडा असेल तर त्यावर जाऊन फक्त टिंब, म्हणजे फुलस्टॉप, दाबा. मागचा बदल जसाच्या तसा पुन्हा होतो.

मोठ्या फाइलमध्ये नेमकी जागा कशी शोधायची?

नॉर्मल मोडमध्ये तिरकी रेघ, म्हणजे स्लॅश, दाबून शब्द लिहावा आणि एंटर करावे. ‘एन’ने पुढचा, शिफ्टसह ‘एन’ने मागचा सापडतो. ‘जी जी’ फाइलच्या सुरुवातीला नेते. एररमध्ये ‘४२वी ओळ’ असे आले असेल तर ४२ टाइप करून शिफ्टसह ‘जी’ दाबावे. कर्सर थेट त्या ओळीवर जातो. कोलननंतर ‘सेट नंबर’ असे इंग्रजीत लिहिले की ओळींचे क्रमांक दिसू लागतात.

‘व्हीएस कोड’च्या काळात हे शिकावेच का?

रोजचे कोडिंग व्हिममध्येच करावे, असा आग्रह नाही. अनेक जण व्हीएस कोड किंवा तत्सम एडिटर वापरतात आणि हवे तर त्यात व्हिमच्या कमांडची सोयही घेतात. टर्मिनलमध्ये ‘नॅनो’ हा सोपा पर्यायही आहे. त्यात कमांड पडद्याच्या तळाशीच लिहिलेल्या असतात.

पण दूरच्या सर्व्हरवर काय असेल हे आपल्या हातात नसते. व्हीआय किंवा व्हिम यांपैकी काहीतरी अनेक लिनक्स सर्व्हरवर आणि मॅकवर आधीपासून असते. शिवाय तो न बोलावताही समोर येतो. ‘गिट’मध्ये संदेश न देता कमिट केले तर एडिटर उघडतो आणि दुसरा ठरवलेला नसेल तर अनेकदा तो व्हिमच असतो. तिथे काहीच न लिहिता उद्गारचिन्हाने बाहेर पडले तर कमिट रद्द होते.

सराव कुठे करायचा?

सर्व्हरवर नक्कीच नाही. व्हिमच्या पूर्ण आवृत्तीसोबत ‘व्हिमट्यूटर’ नावाचा सरावाचा पाठ येतो. टर्मिनलमध्ये हे नाव इंग्रजीत टाइप केले की तो उघडतो. पाठ सरावाच्या प्रतीवरच चालतो, त्यामुळे बिनधास्त चुका करता येतात. साधारण अर्ध्या तासात तो पूर्ण होतो. लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइड फोनवर ‘टर्मक्स’ या ॲपमध्ये व्हिम इन्स्टॉल करता येतो. त्यात ‘एस्केप’ आणि ‘कंट्रोल’ची बटणे कीबोर्डच्या वरच्या पट्टीत मिळतात.

पहिल्या दिवशी ‘आय’, ‘एस्केप’, ‘यू’ आणि बाहेर पडण्याच्या दोन कमांड, एक सेव्ह करून आणि एक न करता, इतके जमले तरी पुरे. ‘डी’, ‘वाय’, ‘सी’च्या जोड्या दुसऱ्या दिवसापासून घ्याव्यात. आणि खरी फाइल उघडण्याआधी तिची एक कॉपी करून ठेवावी. ही सवय व्हिम पाठ झाल्यावरही सोडू नये.